आत्याच्या दारातल्या कुऱ्हाडी

मी काही वर्षं एक अजब नोकरी केली. जी जंगलं तुटणार नव्हती, ती लवकरच तुटणार आहेत असं कागदावर लिहून द्यायचं, ही ती नोकरी. पगार बरा होता. ऑफिस जालना रोडला, काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. एसी इतका की भर मे महिन्यात मी स्वेटर घेऊन जायचो. खाली रस्ता रुंद करायचा म्हणून ओळीनं कडुनिंब पाडले होते, आणि वर बसून आम्ही पृथ्वीचा ताप उतरवत होतो. ही गोष्ट घडली ते वर्ष दुष्काळाचं होतं. त्याच्या आधीचंही दुष्काळाचंच होतं. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण फुलंब्रीच्या रस्त्याला दर महिन्याला नवी कमान उभी राहायची. अमुक सिटी, तमुक व्हॅली. व्हॅली म्हणजे नाला बुजवून त्यावर पाडलेले प्लॉट.

आमचा धंदा समजायला सोपा होता. शहरात एखादा बिल्डर मोठी वसाहत बांधतो. त्यात सिमेंट जातं, लोखंड जातं, डिझेल जळतं, त्या सगळ्याचा धूर होतो. मग कोणीतरी त्याला सांगतं, घाबरू नका, हा धूर धुता येतो. कुठल्यातरी डोंगरावरची झाडं धूर ओढून घेतात, त्या झाडांच्या गावाला पैसे द्यायचे, बदल्यात एक कागद घ्यायचा आणि कमानीवर लिहायचं की ही वसाहत धूरमुक्त आहे. गाव आणि बिल्डर यांच्या मधे आमची संस्था. साध्या भाषेत याला दलाली म्हणतात. आमच्या ऑफिसात तो शब्द कोणी उच्चारत नसे. आम्ही भागीदार होतो.

मी त्या नोकरीत टिकलो तो आत्यासाठी. म्हणजे मी स्वतःला तसं सांगायचो.

आमचं गाव कन्नडकडं, घाटाच्या अलीकडं. गावामागं डोंगर आणि डोंगरावर जंगल. धावडा, सालई, खैर, टेंभुर्णी, पळस. फार उंच नाही, पण दाट. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, ती माहेरी परत आली आणि गावानं तिला डोंगराची राखण दिली. बाईमाणसाला राखण कशी, असं तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं म्हणे. पुढं कुऱ्हाडी घेऊन निघालेल्या त्यांनाच तिनं पहिल्यांदा वाटेतनं माघारी धाडलं.

राखणीची रीत जुनी. हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावताना कोणी सापडला, की राखणदारानं त्याची कुऱ्हाड घ्यायची आणि आपल्या दारात खुंटीला टांगायची. तिला मालकानं परस्पर हात लावायचा नाही. लावला तर दिवाळीनंतर डोंगराचं गवत कापायला खुलं होतं, त्यातला त्याचा वाटा बंद. कुऱ्हाड परत पाहिजे तर डोंगराच्या पायथ्याच्या हापशावरनं दहा हंडे पाणी वर न्यायचं आणि लहान झाडांना घालायचं. हंडा स्वतःच्या डोक्यावर न्यायचा. बायकोला पाठवायचं नाही, बैलगाडी नाही, मोटारसायकल तर नाहीच.

जंगल वाचलं ते या शेवटच्या अटीमुळं. आमच्याकडचा गडी उपाशी राहील, कोर्टात जाईल, भावाचं तोंड बघणार नाही, पण गावादेखत डोक्यावर हंडा घेणार नाही. पाणी आणणं हे बायकांचं काम, असं ठरवून पिढ्यान्‌पिढ्या निवांत बसलेले लोक आम्ही. माझ्या वडिलांनी एकदा बैलगाडीच्या आसासाठी धावडा तोडला आणि सख्ख्या बहिणीनं त्यांची कुऱ्हाड खुंटीला टांगली. त्यांनी बाजारातनं दुसरी कुऱ्हाड विकत आणली, पण हंडा उचलला नाही. मी कळता झालो तेव्हापासून आत्याच्या दारात ती एकच कुऱ्हाड होती, गंजून लाल झालेली.

राखणीबद्दल आत्याला काय मिळायचं, तर गवत खुलं झालं की घरटी काही पेंढ्या. त्या ती कन्नडच्या म्हैसवाल्यांना विकायची आणि त्यात तिचं वर्ष निघायचं. दुष्काळ पडला आणि गवतच उगवलं नाही. लोकांनी जनावरं विकली, कोणी चारा छावणीला नेली. सलग दोन वर्षं आत्याला काडीही मिळाली नाही. ती मात्र रोज सकाळी काठी घेऊन डोंगरावर जातच होती. मी पैसे पाठवले तर परत आले. "मी राखणीचं खाते," ती म्हणाली, "भाच्याचं नाय." तिची कंबर वाकली होती, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, घरात पिठाचा डबा कधी भरलेला दिसत नव्हता. मला इतकंच पाहिजे होतं की जगभरच्या धुराच्या या बाजारात तिला महिन्याला पगार सुरू व्हावा. एवढ्या मोठ्या उलाढालीत एका म्हातारीला जागा नसावी, हे मला पटत नव्हतं.

मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना डोंगर बघायला घेऊन गेलो. साहेब पुण्याचे, माणूस वाईट नव्हता. चैत्राचे दिवस होते. डोंगर उघडाबोडका दिसत होता, कारण आमच्याकडची झाडं त्या दिवसांत पानं टाकून उभी असतात. साहेब गाडीतनं उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जंगल कुठंय?" आत्यानं सालईच्या फांदीवर नख ओढलं. आतनं हिरवं दिसलं. मग दुसऱ्या झाडाला, मग तिसऱ्या. साहेबांनी मान डोलवली. मग त्यांनी टेपनं चारपाच खोडं छातीच्या उंचीवर मोजली, वहीत लिहिलं, सगळा डोंगर फिरून कुठं तोडलेल्या झाडाचा खुंट दिसतो का ते बघितलं. एकही दिसला नाही. संध्याकाळी परतताना त्यांनी गाडीत वही पुन्हा चाळली आणि मिटून ठेवली.

"तुमच्या आत्या फार चांगलं काम करतात," ते म्हणाले. "हीच अडचण आहे."

मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. त्यांनी मला शांतपणे समजावलं की पैसे जंगलाचे मिळत नाहीत, तुटण्यापासून वाचवलेल्या जंगलाचे मिळतात. पैसे दिले नाहीत तर हे तुटेल, असं दिसलं पाहिजे. नाहीतर घेणारा म्हणेल, हे तर आपलं आपण उभं राहणार होतं, मी कशाला मोजू?

"म्हणजे आम्ही तोडलं असतं तर मिळाले असते?"

"तोडू नका. पण तोडाल असं दिसू द्या."

शेजारच्या गावाचा डोंगर त्यांनी येताना बघितला होता. तिथलं लाकूड शहराच्या वाढीला लागलेल्या वीटभट्ट्यांनी केव्हाच खाल्लं होतं. वर धोंडे आणि खाली धोंडे. साहेब म्हणाले, तिथं एक रोप लावलं तरी ते नवं. तिथं कामाला खूप वाव आहे. शाळेत नापास पोरालाच शिष्यवृत्ती द्यायची, असा हा कायदा होता. पहिल्या नंबरच्या पोरानं निदान नापास होण्याची धमकी तरी द्यायला पाहिजे होती.

मी धमकी लिहायला बसलो. मराठी माझं बरं आहे. मी लिहिलं की गावात वृक्षतोडीचं प्रमाण चिंताजनक आहे, दुष्काळानं ग्रामस्थ सरपणाच्या आशेनं डोंगराकडं वळले आहेत, आणि राखणदार महिलेच्या दारात जप्त केलेल्या कुऱ्हाडींचा ढीग पडलेला आहे. साहेबांना ढीग फार आवडला. त्यांनी त्याचा फोटो मागितला.

आता ढिगात एकच कुऱ्हाड, तीही माझ्या बापाची. मी गावी जाऊन सरपंचांना अडचण सांगितली. सरपंच बारावी नापास, पण जागतिक बाजारपेठ त्यांना पाच मिनिटांत समजली. "म्हंजे चोऱ्या दाखवायच्या," ते म्हणाले. "अन् करायच्या नायत. सोपंय." त्यांनी घरोघर निरोप धाडला की ज्याची त्याची कुऱ्हाड आत्याच्या दारात आणून टांगा, तासाभराचं काम आहे, गावाला पैसे येणार आहेत.

आत्याला मी पुरतं सांगितलं नाही. तिला एवढंच म्हणालो, ऑफिसातली माणसं येणार, त्यांना तुझ्या दारात कुऱ्हाडी बघायच्यात.

"माझ्या दारात?"

"व्हय."

"खुंटीला?"

"व्हय, आत्या. फोटोपुरतं."

"बघा बरं," ती म्हणाली. तेव्हा मला त्या दोन शब्दांचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारात जत्रा भरली. खुंटी पुरेना म्हणून लोकांनी भिंतीत खिळे ठोकले, बोरीच्या फांदीला दोऱ्या बांधल्या. ज्यांच्या घरी गॅस आला होता आणि कुऱ्हाड नव्हती, त्यांनी गावाचा मान राखायला कन्नडच्या बाजारातनं नवीन आणल्या. एकीच्या दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. ते मी नखानं काढलं आणि पात्याला माती चोळली. हवामानबदलाविरुद्धच्या लढ्यात माझा प्रत्यक्ष सहभाग तो एवढाच. फोटोवाला आत्याला म्हणाला, "मावशी, चेहरा जरा पडका करा, हताश." आत्याला हताश जमेना. ती नुसती संतापलेली दिसत होती. फोटोवाला म्हणाला, हेही चालेल.

फोटो झाला. लोक हसत हसत आपापल्या कुऱ्हाडी घ्यायला पुढं झाले. तेव्हा आत्या उंबऱ्यात बसली आणि काठी आडवी टाकली.

"हात लावायचा नाय."

लोकांना आधी गंमत वाटली. मग ती हसत नाही हे ध्यानात आलं.

"दारात टांगली म्हंजे सापडली," आत्या म्हणाली. "मी काय तुमच्या घरी आले व्हते का मागाया? आपल्या हातानं टांगल्या. आता दहा दहा हंडे."

सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "आक्का, हे आपलं खोटं खोटं व्हतं."

"कागदावर खरं लिवलंय ना?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. कोणी तिला सांगितलं होतं कुणास ठाऊक. "चोरी खरी, तर दंडबी खरा."

सरपंचांच्या घरी पुढल्या आठवड्यात पुतणीचं लग्न होतं, शेताच्या बांधावरची वाळकी बाभूळ फोडायची होती. त्यांनी तेही सांगितलं. "मंग पयला नंबर तुमचा," आत्या म्हणाली. कोणीतरी मागनं बोललं, आणू ओढून, काय करती? वाटा बंद करील? गवत आहेच कुठं? त्यावर ती म्हणाली, "येईल तवा बंद राहील." ती हे इतक्या खात्रीनं बोलली की कोणाचाच हात पुढं झाला नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना पटलं होतं. फक्त पटल्याचं कबूल करायचं नव्हतं.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सरपंच भल्या पहाटे हापशावर आले, कोणी बघू नये म्हणून. अख्खं गाव ओट्यावर बसलेलं होतं. सरपंचांच्या बायकोनं स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर हंडा ठेवला आणि म्हणाली, "मान हालवू नका. अन् रोजच्यासारखं बोलू तर अजिबात नका." पहिल्या खेपेला अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यात गेलं. आत्या वर दगडावर बसली होती. तिनं हंड्यात वाकून बघितलं आणि ती खेप धरलीच नाही.

एकदा सरपंचांच्या डोक्यावर हंडा चढला म्हटल्यावर बाकीच्यांची लाज कशाला राहते? हापसा मधेच दमायचा, पाणी भरेपर्यंत थांबावं लागायचं, म्हणून हे चारपाच दिवस चाललं. बायका सावलीत बसून सूचना देत होत्या, कंबर सोडा, डोळे समोर, हंड्याला मिठी मारू नका. इतका आनंद मी आमच्या गावातल्या बायकांच्या तोंडावर कुठल्याच सणाला बघितला नाही. वर डोंगरावर त्या दुष्काळात पहिल्यांदाच रोपांच्या बुडाशी ओल दिसत होती. माझे वडील तेवढे घराबाहेर पडले नाहीत.

आणि अशा वेळी पडताळणीवाला आला. फुलंब्रीच्या रस्त्याला वसाहत बांधणाऱ्या बिल्डरच्या वतीनं आमचा कागद खरा का खोटा तपासायला दिल्लीहून हा माणूस यायचा होता, पण दुसऱ्या दिवशी. लेणी बघायला म्हणून तो फर्दापूरला उतरला, हॉटेलात आंघोळीला पाणी नव्हतं, वैतागून एक दिवस आधीच निघाला. त्याचा फोन आला तेव्हा तो गावच्या फाट्यावर उभा होता. मी पळत गेलो.

त्याच्या हातात माझा अहवाल होता. चिंताजनक वृक्षतोड, कुऱ्हाडींचा ढीग. आणि समोर डोंगर चढणारी गड्यांची रांग, प्रत्येकाच्या डोक्यावर हंडा. त्यानं अहवाल मिटून काखेत मारला. मग त्यानं सरपंचांना थांबवून विचारलं, याचे तुम्हाला कोण पैसे देतं?

सरपंचांनी फक्त गप्प राहायला पाहिजे होतं. पण पाहुणा दारात आला की आमच्या माणसाला आपलं गाव छान सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोक्यावर हंडा तसाच धरून, कानावरनं पाणी ओघळत असताना ते म्हणाले, "पैसा कैसा साब? अपना पहाड है. हमारे बाप-दादा भी ऐसेच ढोते थे."

मी डोळे मिटले. पडताळणीवाला आत्याकडं वळला आणि मला म्हणाला, यांना विचारा, पैसे मिळाले नाहीत तर या राखण सोडतील का?

सगळं या एका प्रश्नावर होतं. मी आत्याला प्रश्न मराठीत सांगितला आणि त्याच सुरात, चेहरा न हालवता पुढं म्हणालो, "व्हय म्हण, आत्या. पगार सुरू होईल. नुसतं व्हय म्हण."

आत्यानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दोन वर्सं झाली, कोण देतंय?" ती म्हणाली. "सोडली का मी?"

त्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण त्यानं माझं भाषांतर व्हायची वाट बघितली नाही. त्यानं आत्याला हात जोडले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला आत्याचा राग आला. लई राग आला. एक शब्द बोलली असती तर म्हातारपण निभावलं असतं. मी तिच्याशी न बोलता शहराची गाडी धरली.

महिनाभरानं पत्र आलं. सदर जंगलास कोणताही धोका आढळत नाही, सबब मदतीची आवश्यकता नाही. पैसे शेजारच्या गावाला गेले. तिथं धोंड्यांत खड्डे झाले, खड्ड्यांत रोपं लागली, रोपांच्या कितीतरी आधी फलक लागला. रोपं उन्हाळ्यात वाळली, फलक टिकला.

बिल्डरला कमानीसाठी जंगलाचा मोठा फोटो पाहिजे होता. शेजारच्या डोंगरावर फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडं आमच्या डोंगराचा जुना, चांगल्या पावसाच्या वर्षातला, श्रावणातला फोटो होता. साहेबांनी मागितला, मी दिला. खालचा मजकूरही मीच लिहिला. सगळ्यांनी फार तारीफ केली.

पुढल्या वर्षी बऱ्यापैकी पाऊस झाला. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन करायला मी तिला शहरात आणलं. आमच्यातला अबोला तिनंच मोडला होता, कधी रुसलोच नव्हतो असं दाखवून. चार दिवसांनी फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात पट्टी काढली आणि रिक्षानं मी तिला गावाकडच्या बसला सोडायला निघालो. रस्त्याला लागलो आणि ती एकदम म्हणाली, "थांबव."

समोर कमान होती. कमानीवर, दोन मजले उंच, आमचा डोंगर.

"हा आपला हाय," आत्या म्हणाली. "ती वाकडी सालई बघ." नव्या डोळ्यानं तिनं एकेक झाड ओळखलं. मग विचारलं, "खाली काय लिवलंय?"

मी वाचलं. "या जंगलाची राखण आम्ही करतो."

"आम्ही म्हंजे कोण?"

"हे वसाहतवाले."

"हे कधी आलते डोंगरावर?"

"नाही."

"मग लिवलं कोणी?"

मी कोणाचंही नाव घेऊ शकलो असतो, तिला वाचता येत नव्हतं. पण मी रिक्षाच्या मीटरवरचे आकडे वाचत बसलो. रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. आत्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडं, आणि हात पुढं केला. मी खिशातलं पेन काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते पदरात गुंडाळलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."

रविवारी मी गावी गेलो. माझं पेन दोरा बांधून खुंटीला टांगलेलं होतं, वडिलांच्या गंजक्या कुऱ्हाडीशेजारी. मी हापशावर गेलो. चुंबळ कशी बसवायची ते सरपंचांनी दाखवलं, त्यांना आता अनुभव होता. दिवस मावळेपर्यंत माझ्या नऊ खेपा झाल्या. आत्यानं त्यातल्या सहा धरल्या.

सोमवारी साहेबांनी नव्या एका गावाचा कागद माझ्यापुढं ठेवला. तिथलंही जंगल चांगलं होतं, तेही तुटणार असं लिहायचं होतं. मी म्हणालो, पेन नाही. साहेबांनी हसून स्वतःचं पुढं केलं. माझी मान इतकी दुखत होती की मला नीट खाली बघता येत नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "माझे अजून चार हंडे राहिलेत."